पोलंडच्या मालगुजारणीचं राजकारण

प्रश्न : बाई, नमस्कार. मी आर्वी तालुक्यातल्या एका गावची सरपंच. महिला राखीव निघाली म्हणून उभी राहिले अन् निवडून आले. माही पोरगी नागपूरले शिकते. तिनं मोबाईलवर एक चित्र दाखवलं, एका बाईच्या हातात मुंगसावानी पांढरं जनावर. म्हणे, हे चित्र पोलंडच्या एका मोठ्या घरच्या बाईनं सांभाळलं, अन् ते बाई लय राजकारणी होती. मी इचारलं, कोणत्या पदावर होती? तं म्हणे, कोणत्याच नाही. मंग राजकारणी कशी काय? आमच्या इथं तं पद असूनही सभेत मालकच बोलतात, मी सही करतो. त्या बाईची गोष्ट सांगा. लंबी झाली तरी चालते.

उत्तर : सरपंचताई, तुमचं पत्र तूर सोंगायच्या दिवसांत आलं, म्हणून उत्तराला उशीर झाला. आमच्याकडे यंदा मजूर मिळेना, तेव्हा सत्तरीतली ही निवृत्त मास्तरीणही चार दिवस बांधावर होती.

बाईचं नाव इझाबेला चार्तोरिस्का. जन्म १७४६, मृत्यू १८३५. म्हणजे पानिपतच्या आधी जन्मली आणि पेशवाई बुडून सतरा वर्षं झाली तरी होती. एकोणनव्वद वर्षांचं आयुष्य, आणि त्यात तिचा देश तीनदा वाटला गेला.

आई तिच्या जन्मानंतर लगेच गेली. आजीनं वाढवलं. पंधराव्या वर्षी, १७६१ मध्ये, लग्न लावलं ते आदाम कझिमेझ चार्तोरिस्कीशी. तो तिच्या आईचा सख्खा चुलतभाऊ. आपल्याकडे मामाची पोरगी करतात, इथं थेट चुलतमामाच नवरा. इस्टेट घराबाहेर जाऊ नये, हा हिशेब तिथंही होता. त्यात लग्नाच्या तोंडावर तिला देवी निघाल्या. चेहऱ्यावर ताजे व्रण घेऊन ती बोहल्यावर उभी राहिली.

सासर मात्र साधंसुधं नव्हतं. पोलंडमध्ये राजा वंशानं येत नसे, सरदार लोक जमून निवडत. सरदार म्हणजे आपल्या नागपूरकडच्या भाषेत मालगुजार समजा, फक्त ज्यांची मालगुजारी तालुक्या-तालुक्यांएवढी. चार्तोरिस्की हे त्यातलं सगळ्यात वजनदार घराणं. १७६४ ला राजाची निवड आली तेव्हा इझाबेलाच्या नवऱ्याचं नाव पुढे होतं. त्याला पुस्तकांत जास्त रस, त्यानं अंग काढून घेतलं. गादीवर बसला त्याचा आतेभाऊ स्तानिस्वाव ऑगस्ट पोन्यातोव्स्की. तो रशियाच्या कॅथरीन राणीचा एकेकाळचा प्रियकर, आणि त्याच्या निवडीमागे रशियाची फौज उभी होती. राजा पोलंडचा, पण राजधानी वॉर्सातला रशियाचा वकील, म्हणजे राजदूत, रेप्निन खोकला की दरबाराला सर्दी व्हायची.

आता ते प्रकरणही सांगून टाकते, नाहीतर तुमची लेक मोबाईलवर वाचेल आणि म्हणेल बाईंनी लपवलं. तरुणपणी इझाबेलाचं नाव राजाशी जोडलं गेलं, मग या रेप्निनशी, मग एका फ्रेंच सरदाराशी. १७७० मध्ये झालेल्या मुलाचा, आदाम येझीचा, बाप कोण यावर वॉर्सात कुजबुज होती. नवऱ्यानं मुलाला आपलं म्हटलं, वाढवलं, आणि तो पुढे घराण्यातला सगळ्यात कर्तबगार निघाला. माझं म्हणणं एवढंच की तिच्यावर लिहिणाऱ्यांनी या भानगडींना जेवढी पानं दिली, त्याच्या पाव हिश्श्यानंही तिच्या उतारवयातल्या कामाला दिली नाहीत. गावात बाई सरपंच झाली की पहिली चर्चा तिच्या साडीची होते, तसंच.

१७८० मध्ये तिची चौदा वर्षांची लेक तेरेसा शेकोटीच्या आगीनं कपडे पेटून गेली. चुलीपाशी पदर सावरत जन्म गेलेल्या आपल्या बायकांना याहून जास्त सांगायला नको.

त्यानंतरच्या वर्षांत नवरा-बायको राजावर नाराज होऊन वॉर्सा सोडून आपल्या इस्टेटीवर, पुवावी गावी, राहायला गेले. (पोलिश लिपीत तिथं आडवी रेघ मारलेला एल आहे, त्याचा उच्चार ‘व’. मी स्वतः तीस वर्षं वर्गात ‘पुलावी’ शिकवलं. जुन्या विद्यार्थ्यांनी माफ करावं.) विस्वा नदीच्या काठावरचं हे गाव तिनं राजधानीला पर्याय करून सोडलं. कवी, चित्रकार, शिक्षक, तरुण सरदारांची पोरं, सगळे तिथं. राजावर नाराज असलेला माणूस पुवावीची वाट धरायचा. सरपंचताई, खुर्ची नसलेल्या बाईचं राजकारण इथून सुरू होतं. कोणाला जेवायला बोलवायचं, कोणाला कोणाशेजारी बसवायचं, कोणाच्या पोराला आपल्या पोरांबरोबर शिकवायचं. ओसरीवरचं राजकारण ते. सभागृहातलं त्याच्या मागून येतं.

आणि नाटक! आपल्या झाडीपट्टीच्या वाचकांनी कान टवकारावेत. १७८६ मध्ये पुवावीत एक संगीत नाटक झालं, घरच्याच कवीनं लिहिलेलं, ‘स्पार्टाची माता’. युद्धावर जाणाऱ्या मुलाला आई सांगते की जिंकून ये, नाहीतर ढालीवर ये. आईची भूमिका इझाबेलानं स्वतः केली, चाळिसाव्या वर्षी. कामं करणारी बाकी मंडळीत तिची स्वतःची पोरं. समोर बसलेल्यांना कळायचं ते कळलं. पोलंडचा एक लचका १७७२ मध्येच रशिया, प्रशिया (जर्मनांचं एक राज्य) आणि ऑस्ट्रियानं तोडला होता.

पुढचं भराभर सांगते, तारखा शाळेच्या पुस्तकासारख्या वाटतील. १७८८ ते १७९२ चार वर्षं चाललेली लोकसभा, ३ मे १७९१ ची लिखित राज्यघटना. चार्तोरिस्की घराणं सुधारणावाल्यांच्या बाजूनं. रशियानं फौज घातली, १७९३ ला दुसरी वाटणी. १७९४ ला ताडेउश कोश्च्युश्कोनं उठाव केला. राच्वावित्सेच्या लढाईत शेतकरी गवत कापायचे विळे दांड्याला सरळ ठोकून तोफांवर चालून गेले. उठाव मोडला. रशियन फौजेनं पुवावीचा वाडा फोडला, लुटला. जमिनी जप्त. १७९५ ला तिसरी वाटणी झाली आणि पोलंड नकाशावरून गेला तो १९१८ पर्यंत परत आला नाही. त्याच साली आपल्याकडे मराठे खर्ड्याला निजामाशी लढून जिंकत होते.

जमिनी परत हव्यात तर दोन पोरं पीटर्सबर्गला पाठवा, असा कॅथरीनचा सांगावा आला. दोघं गेली. स्पार्टाच्या आईचं काम केलेल्या बाईला पोरं ढालीवर नव्हे, शत्रूच्या दरबारात चाकरीला पाठवावी लागली. मला या बाईची गोष्ट इथंच खरी वाटायला लागते. नाटकातलं बोलणं सोपं होतं.

आता मुद्द्यावर येते. पन्नाशीची बाई, फुटका वाडा, देश नाही. मग तिनं काय केलं? वाडा दुरुस्त करायला घेतला आणि त्याचबरोबर वस्तू गोळा करायला लागली. राजांच्या अंगठ्या, सेनापतींच्या तलवारी, झेंडे, पत्रं, फुटकी भांडी, जळक्या इमारतींचे दगड. नदीकाठच्या उंचवट्यावर तिनं एक गोल देऊळ बांधलं, इटलीतल्या तिव्होलीच्या जुन्या देवळासारखं. नाव सिबिलचं देऊळ; सिबिल म्हणजे जुन्या काळची भविष्य सांगणारी बाई. १८०१ मध्ये उघडलं. दारावर दोनच शब्द : भूतकाळ, भविष्याला. (मराठीत आणायला मी तीन संध्याकाळी घालवल्या. ‘मागचं, पुढच्यांसाठी’ हे जास्त जवळ जातं.) पोलंडमधलं पहिलं संग्रहालय ते हेच.

त्यातल्या दोन तलवारींची गोष्ट सांगते. १४१० मध्ये ग्रुनवाल्डच्या लढाईआधी जर्मन धर्मयोद्ध्यांनी पोलंडच्या राजाला दोन नंग्या तलवारी पाठवल्या. मतलब असा की तुमच्याकडे हत्यारं कमी दिसतात, या घ्या. त्या दिवशी जर्मन योद्धे हरले. पोलंडनं त्या तलवारी सांभाळल्या आणि पुढे शेकडो वर्षं राजांच्या राज्याभिषेकात वापरल्या. १७९५ मध्ये प्रशियानं जुन्या राजधानीतला, क्राकूवचा, खजिना लुटला, मुकुट वितळवले, पण या तलवारींत ना सोनं ना हिरे, म्हणून लुटारूंनी ढुंकून पाहिलं नाही. त्या एका जाणकाराच्या हाती लागल्या आणि त्यानं इझाबेलाला दिल्या. देवळाचं वजन त्या दोन लोखंडी पट्ट्यांनी वाढलं.

१८०९ मध्ये शेजारीच दुसरी इमारत उघडली, गॉथिक घर. तिथं जगभरच्या आठवणी. १७९० मध्ये मुलाला घेऊन इंग्लंडात फिरताना ती शेक्सपिअरच्या गावी गेली आणि त्याची म्हणून सांगितलेली खुर्ची विकत घेऊन आली. रोमिओ-ज्युलिएटच्या थडग्याचा तुकडाही जमवला. नाटकातल्या माणसांचं थडगं! यात्रेत रुद्राक्ष विकणारा जसा ‘एकमुखी आहे’ म्हणतो तसा कोणीतरी तिला भेटला असणार. पण त्याच घरात, मुलानं इटलीहून १८०० च्या सुमारास आणलेलं एक चित्र लागलं, लिओनार्दो दा विंचीचं, तुमच्या लेकीनं दाखवलं ते. चित्रातली पोरगी चेचिलिया गाल्लेरानी, मिलानच्या राज्यकर्त्याची प्रेयसी, काळ साधारण १४९०. पुवावीत त्यावर चुकीचं नाव रंगवलं, ‘ला बेल फेरोनिएर’, ते आजही चित्राच्या वरच्या कोपऱ्यात आहे. खुर्ची खोटी म्हणून हसणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं की तिनं खरं-खोटं दोन्ही सांभाळलं, आणि त्या खोट्याच्या शेजारी जगातल्या मोजक्या खऱ्या चित्रांपैकी एक लटकत होतं.

मला सगळ्यात जास्त आवडतं ते तिचं यादी करणं. गॉथिक घरातल्या वस्तूंची छापील सूची १८२८ मध्ये निघाली, ती बाई तेव्हा ब्याऐंशी वर्षांची. कोणती वस्तू, कोणाची, कुठून आली, तिच्यामागची हकीकत काय.

याचं मला एवढं का वाटतं ते सांगते. मी एका शाळेत होते. एका उन्हाळ्यात सफाई निघाली आणि जुनी कागदं कोठीच्या मागं फेकली. त्यात १९३० सालापासूनचं दाखल-खारज रजिस्टर होतं, वाळवीनं एक कोपरा खाल्लेलं. कोणी मुद्दाम फेकलं नव्हतं, कोणाला त्याचं काही वाटत नव्हतं एवढंच. मी ते घरी आणलं, कडुनिंबाचा पाला घालून आजीच्या लोखंडी संदुकीत ठेवलं, आणि नंतर रीतसर परत जमा केलं. आज जात पडताळणीसाठी अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना १९५० च्या आधीची नोंद लागते. नागपूर-पुण्याहून पोरं येतात, पणजोबाचं नाव शोधायला. शाईनं लिहिलेली एक ओळ, नावापुढे जात, आणि त्यावर एका पोराची मेडिकलची सीट उभी राहते. कागद सांभाळणं राजकारण नाही असं मला कोणी सांगू नये.

आता तिचं उणंही बोलते, नाहीतर तुम्ही म्हणाल बाई भाळल्या. पुवावीची बाग, देवळं, पाहुणचार, सगळं वेठीवर चाललं होतं. पोलंडमध्ये कुणब्याला आठवड्यातले ठरावीक दिवस मालकाच्या शेतात फुकट राबावं लागायचं. कोश्च्युश्कोनं १७९४ मध्ये ती वेठ कमी करायचा जाहीरनामा काढला, पण उठावच बुडाला. रशियाच्या ताब्यातल्या पोलंडमध्ये वेठ संपली १८६४ ला, इझाबेला जाऊन एकोणतीस वर्षं झाल्यावर. तिनं आपल्या गावच्या पोरांसाठी शाळा काढली. १८१८ मध्ये खेड्यातल्या लोकांसाठी मुद्दाम सोप्या भाषेत इतिहासाचं पुस्तक लिहिलं : एक म्हातारा वाटसरू दोब्रोमिल गावी येतो आणि संध्याकाळी लोकांना जुन्या राजांच्या, लढायांच्या गोष्टी सांगतो. शेतकऱ्यालाही हा देश त्याचा वाटला पाहिजे, हे त्या काळातल्या फार थोड्या सरदारांना सुचलं, तिला सुचलं. पण देश तुझा म्हणताना जमीन कोणाची, हा प्रश्न तिनं मोकळा सोडला. वाटसरू राजांबद्दल पुष्कळ बोलतो.

शेवट असा. १८३०-३१ मध्ये पुन्हा उठाव झाला. थोरला आदाम येझी, जो कधीकाळी झारचा परराष्ट्रमंत्री होता, तो बंडखोर सरकारचा प्रमुख झाला. पुवावीवर तोफा डागायला रशियाकडून जो सेनापती आला तो कोण? इझाबेलाचाच नातू. लेक मारियाचा मुलगा. मारियाचं लग्न एका जर्मन राजपुत्राशी झालं होतं, त्यानं १७९२ च्या युद्धात पोलंडशी दगा केला, मारियानं त्याला सोडलं, आणि मुलगा बापाकडे राहिला. पंच्याऐंशी वर्षांच्या आजीच्या वाड्यावर नातवाच्या तोफा. देवळातल्या वस्तू त्याआधीच रातोरात पेट्यांत भरून हलवल्या होत्या. म्हातारी लेकीबरोबर ऑस्ट्रियाच्या हद्दीत विसोत्स्कोला गेली आणि १५ जुलै १८३५ ला तिथंच वारली. मुलाला रशियानं फाशीची शिक्षा सुनावली होती, तो पॅरिसला निघून गेला, आणि संग्रहातलं बरंचसं त्याच्याकडे पोचलं. नातवानं, म्हणजे दुसऱ्या, चांगल्या नातवानं, १८७० च्या दशकात ते क्राकूवला आणून संग्रहालय उघडलं. दोन तलवारी मात्र पुवावीजवळच्या एका पाद्र्याच्या घरात लपवल्या होत्या. १८५३ मध्ये रशियन शिपायांनी त्या जप्त केल्या, पुढे त्यांचा पत्ता नाही. चित्र १९३९ मध्ये नाझींनी नेलं, १९४६ ला परत आलं, आणि २०१६ मध्ये पोलंड सरकारनं सगळा संग्रह १० कोटी युरोंना घराण्याकडून विकत घेतला.

राहिला तुमचा सहीचा प्रश्न. इझाबेलाला सहीचा अधिकार नव्हता, तुम्हाला आहे. पुढच्या ग्रामसभेला इतिवृत्ताची वही आधी तुमच्या हातात घ्या आणि वाचल्याशिवाय पेन उघडू नका. मालक चिडतील. चहा द्या.

प्रश्न : परदेशी बायकांचं कौतुक कशाला? आमच्या नागपूरच्या बाकाबाई भोसल्यांवर कधी लिहिणार? — एक जुने वाचक, अमरावती

उत्तर : काका, रागवू नका, लिहिणारच आहे. बाकाबाई म्हणजे दुसऱ्या रघूजींच्या पत्नी, १८१६ मध्ये विधवा झाल्या आणि पुढची चाळीस वर्षं नागपूरच्या राजकारणात त्यांचा शब्द होता. १८५७ मध्ये त्यांनी इंग्रजांच्या बाजूनं वजन टाकलं, म्हणून आपल्याकडे त्यांचं नाव घेताना लोक अडखळतात. तो मोठा विषय आहे, इथं दोन ओळींत उरकला तर दोन्ही बाजू मला पत्रं लिहितील.

पण तुमच्या प्रश्नावरून एक गोष्ट आठवली. १८५३ च्या डिसेंबरात तिसरे रघूजी वारले, इंग्रजांनी दत्तक मानला नाही, राज्य खालसा झालं. मग भोसल्यांचे हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीला मिळेल त्या भावानं विकले आणि जवाहीर कलकत्त्याला लिलावात गेलं. २०२५ च्या एप्रिलमध्ये पहिल्या रघूजींची म्हणून ओळखली जाणारी एक तलवार लंडनच्या लिलावात निघाली, ती महाराष्ट्र सरकारनं सुमारे ४७ लाख रुपयांना घेतली. बातमी वाचून मला पुवावीच्या त्या पेट्या आठवल्या. आपल्याकडे त्या वेळी पेट्या कोणी भरल्या नाहीत, की भरू दिल्या नाहीत? बाकाबाईंवर लिहीन तेव्हा सुरुवात इथूनच करीन.

प्रश्न : पोलंडचा आणि महाराष्ट्राचा काही संबंध आहे का? — हिंगणघाट

उत्तर : आहे. दुसऱ्या महायुद्धात रशियानं हजारो पोलिश कुटुंबं सैबेरियाकडे हाकलली होती. त्यातली सुमारे ५,००० माणसं, बहुतेक बायका-पोरं, १९४३ ते १९४८ कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत राहिली.

तुम्ही जिनिंगमध्ये काम करता असं लिहिलंय, म्हणून आणखी एक. इझाबेलाच्या त्याच वाड्यात १८६२ मध्ये शेती आणि जंगल शिकवणारी संस्था निघाली, आणि पुवावी आजही माती-पिकांच्या संशोधनाचं गाव आहे. म्हणजे त्यांचं अकोलाच म्हणा.

प्रश्न : बाई, चित्रातलं जनावर मुंगूस आहे का? आमच्या वर्गात पैज लागली आहे. — इयत्ता सातवी, समुद्रपूर तालुका

उत्तर : पैज हरलात. मुंगूस नाही. त्याला अर्मिन म्हणतात, थंड देशातलं छोटं शिकारी जनावर. उन्हाळ्यात पाठ तपकिरी, हिवाळ्यात अंग पांढरंशुभ्र आणि शेपटीचं टोक तेवढं काळं. उंदीर-ससे मारतं. मुंगसाचं कूळ वेगळं, दिसायला मात्र चुलतभाऊ वाटतात, त्यामुळे सरपंचताईंनाही तसंच वाटलं. पंजे नीट पाहा, चित्रकारानं नखं कशी काढली आहेत ते. आणि कपाशीत दिसणारं आपलं मुंगूस चितारून पाठवा, पण बघून काढा, मोबाईलवरून नको.